भिक्खूचा मुक्काम खेड्यात हवा

(पिंप्राळा, जळगाव येथे आषाढ पौर्णिमेस वर्षावासाच्या प्रारंभी एका वकील बंधूंनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चार दिवसांपूर्वी आषाढी एकादशीला याच पिंप्राळ्याच्या रस्त्यांवरून रथ गेला. आज आषाढ पौर्णिमा. आजपासून आपला वर्षावास सुरू होत आहे. रथाला एक दिवस पुरतो. वर्षावास तीन महिने चालावयाचा असतो, आणि त्यात फिरावयाचे नसते, एका जागी राहावयाचे असते. या राहण्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

धर्माला आयुष्य वाहिलेल्या माणसाने गरिबांच्या वस्तीत येऊन राहावे काय? राहिल्यास त्याने तेथे काय करावे? आणि ज्या वस्तीत तो राहील तिने त्याचे काय देणे लागते? पहिल्या दोन प्रश्नांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. तिसऱ्यावर कोणी बोलत नाही, म्हणून मी त्यावर अधिक वेळ घेणार आहे.

१९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध म्हणून नोंदलेली माणसे दोन-अडीच हजार होती. १९६१ मध्ये हाच आकडा २७,८९,५०१ झाला, आणि २०११ मध्ये तो ६५ लाखांवर गेला. भारतातील एकूण बौद्धांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक या एका राज्यात राहतात. एवढ्या अवधीत एवढा मोठा समाज स्वतःच्या निर्णयाने धर्म बदलतो, हे उदाहरण जगाच्या इतिहासात वारंवार सापडावयाचे नाही. गावोगाव विहारही उभे राहिले. परंतु त्या विहारांची स्थिती काय आहे? चौदा एप्रिल, वैशाख पौर्णिमा, आजची पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस आणि सहा डिसेंबर, एवढे दिवस दार उघडते. एरवी कुलूप असते. कुलपाची किल्ली कोणाच्या घरी राहावी यावरून तंटे होतात, आणि ते तंटे पुढे आम्हा वकिलांच्या टेबलावर येतात. ज्या घरात कोणी राहत नाही त्या घराच्या मालकीवरून भांडण लवकर जुंपते, हा माझा धंद्यातला अनुभव आहे.

आपल्या या मुलखात भिक्खू राहत नव्हते असे नव्हे. जळगावहून अजिंठा फार लांब नाही, आणि चाळीसगावच्या बाजूने सातमाळ्याच्या डोंगरात शिरले की पितळखोरे लागते. आपण तेथे सहलीला जातो, चित्रे पाहतो आणि परत येतो. पण त्या लेण्यांतील दगडी ओटे पाहा. ते माणसाने निजण्यासाठी कोरलेले आहेत. पितळखोऱ्याच्या खांबांवर ज्यांनी दान दिले त्यांची नावे आहेत. त्यांत पैठणच्या गंधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घरातला मितदेव आहे, आणि मगिल नावाचा राजवैद्यही आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याला वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने द्रव्य दिले हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु मंत्र्याच्या कितीतरी शतके आधी येथे एका अत्तरविक्याचे नाव खांबावर कोरले गेले होते. दुकानदार, वैद्य, कारागीर यांच्या देण्यावर तो संघ येथे पावसाळा काढीत होता.

वर्षावासाचा नियम कसा झाला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. भिक्खू भर पावसाळ्यात हिंडतात, उगवते गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी कुरकुर सामान्य लोकांनी केली. ती भगवंतांच्या कानावर गेली आणि नियम झाला. विनयपिटक वाचताना वकिलाला आपल्याच घरी आल्यासारखे वाटते. प्रत्येक नियमाच्या आधी एक प्रकरण आहे, तक्रार आहे, चौकशी आहे, मग निर्णय आहे. कोणताही नियम आकाशातून पडलेला नाही. आणि आजच्या या नियमाचे मूळ तर शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या तक्रारीत आहे.

याच पिटकात आजारी भिक्खूचे प्रकरण आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन विहार पाहत फिरत होते; त्यांना तो दिसला. इतर भिक्खू तुझी शुश्रूषा का करीत नाहीत, असे विचारता तो म्हणाला की मी त्यांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायाकडून उचलून त्याला खाटेवर ठेवले. त्यानंतर त्यांनी संघाला बोलावून सांगितले की ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची करावी. धर्मसंस्थापकाने स्वतःच्या पूजेऐवजी आजाऱ्याची सेवा मागितली, आणि तीही आज्ञा देण्यापूर्वी स्वतः करून दाखविली.

मग आपल्याच काळात संघाविषयी परमपूज्य बाबासाहेबांना एवढे कठोर का लिहावे लागले? १९५० साली कलकत्त्याच्या महाबोधी नियतकालिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. त्यात त्यांनी विचारले की दुःखितांच्या सेवेची गोष्ट निघाली म्हणजे लोकांना रामकृष्ण मिशन आठवते, बौद्ध संघ का आठवत नाही? बहुसंख्य भिक्खू ध्यानात किंवा आळसात वेळ घालवितात, त्यांच्यात ना विद्या आहे ना सेवा, असे त्यांचे निदान होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रारंभीही त्यांनी तोच प्रश्न पुन्हा ठेवला आहे: भिक्खू हा केवळ स्वतःला पूर्णत्वास नेणारा माणूस आहे, की समाजसेवक आहे? तो केवळ पूर्णत्वाच्या मागे असेल तर धर्मप्रसाराला त्याचा उपयोग नाही, असे ते स्पष्ट म्हणतात. या प्रश्नाला भिक्खूंनीच उत्तर द्यावे असे आपण समजून बसलो आहोत. मला ते अपुरे वाटते.

आता आपण थोडे शेजाऱ्यांकडे पाहू. शेजाऱ्याचे घर पाहण्यात कमीपणा नाही. स्वतः बाबासाहेबांनी तो मानला नाही.

ख्रिस्ती लोकांच्या, विशेषतः कॅथॉलिकांच्या संघटनेत 'फादर' आणि 'ब्रदर' असे दोन प्रकार आहेत. फादर हा दीक्षित धर्मगुरू. तो उपासना चालवितो. ब्रदर तसा धर्मगुरू नसतो, पण व्रतस्थ असतो: ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन. शाळा, दवाखाना, सुतारशाळा, शेती ही कामे पुष्कळदा त्याच्या अंगावर असतात. म्हणजे ज्याला विधी करावयाचा अधिकार नाही, पण ज्याने आयुष्य दिले आहे, असा माणूस त्यांच्याकडे नेमलेला आहे. आपल्याकडे ही जागा रिकामी आहे, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

महाराष्ट्रात अशा बंधूंचा एक प्रयोग १९२२ साली सुरू झाला. जॅक विन्स्लो हा इंग्रज पाद्री अहमदनगर भागात काम करीत होता. त्याने ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. त्यामागे आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या विचारांची प्रेरणा होती. ते १९१९ मध्येच गेले. परंतु ख्रिस्ती धर्म भारतीय वेषात यावा, त्याच्यावर साहेबी कोट चढवू नये, हे त्यांचे म्हणणे मागे उरले होते. संघातले बंधू खादी नेसत, जमिनीवर बसत, येथले अन्न खात. पुढे पुण्यात त्यांचा आश्रम झाला. तेथेच १९२७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये शिकलेला व्हेरियर एल्विन आला, आणि तेथेच त्याला शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती तरुण सोबती मिळाले.

१९३२ च्या प्रारंभी हे दोघे पुणे सोडून मंडला जिल्ह्यात करंजिया या गोंडांच्या खेड्यात जाऊन राहिले. कुडाची घरे, आसपास जंगल. त्यांनी शाळा काढली, औषधे दिली, कुष्ठरोग्यांसाठी निवारा उभारला. लोक एल्विनला बडे भाई म्हणत आणि शामरावांना छोटे भाई. एल्विनच्या पुस्तकांची नावे पुष्कळांना ठाऊक आहेत. शामरावांचे नाव मराठी माणसालाही ठाऊक नसावे, याचे मला वाईट वाटते. रात्री उठून आजाऱ्याकडे जाणारा, गोंडांच्या घरगुती तंट्यांत मध्ये पडणारा माणूस तो होता.

या प्रयोगातली एक गोष्ट कायद्याच्या माणसाला विशेष कळते. नागपूरच्या बिशपने एल्विनला पाद्री म्हणून परवाना देण्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली. गांधींच्या चळवळीशी संबंध ठेवलेल्या एल्विनने ती घेतली नाही. १९३५ मध्ये तो चर्चमधूनच बाहेर पडला. खेड्यात काही वर्षे राहिल्यावर गोंडांचा धर्म बदलणे हे त्याला आपले काम वाटेनासे झाले होते. संस्था एक सांगत होती, वस्ती दुसरे शिकवीत होती, आणि त्याने वस्तीचे ऐकले. अर्थात या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४० मध्ये एल्विनने कोसी या गोंड मुलीशी लग्न केले; १९४९ मध्ये घटस्फोट झाला. तो पुढे ईशान्य सीमा प्रदेशात सरकारचा सल्लागार झाला, १९५४ मध्ये भारतीय नागरिक झाला, १९६४ मध्ये मोठ्या लौकिकात वारला. बाहेरून आलेला भाऊ खेडे सोडून जाऊ शकतो. खेड्याला मात्र तेथेच राहावे लागते. म्हणून माणूस कितीही मोठा असो, काम एका माणसावर टांगून ठेवता कामा नये.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुईट. १९४८ मध्ये ते भारतात आले आणि त्यांचे आयुष्य नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागात गेले. लोक त्यांना बाखरबाबा म्हणत. त्यांच्या पुढाकाराने पाणलोटाचे जे काम उभे राहिले, त्यातून १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था निघाली. येथे मला मोलाची वाटते ती त्यांची अट. गावात काम हवे तर गावाने आधी श्रमदान करावयाचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावयाची. धर्माविषयी अट नाही. घामाविषयी अट आहे. फुकट दिलेल्या मदतीने माणूस याचक बनतो, आणि याचकाला पुढे कोणीही विकत घेऊ शकतो. नगर जिल्ह्यात १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर जी महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांना भाकरीसाठी बाटले म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हिणविले गेले. हिणविणारे कोण होते? ज्यांनी त्या दुष्काळात त्यांना विहिरीवर चढू दिले नाही तेच. परंतु टोमणा राहिला. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात घोषणा केली आणि १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे अभ्यास होता. आपल्या धर्मांतरावर धान्याच्या पोत्याचा डाग नाही. तो पुढेही लागू नये, एवढी दक्षता आपल्या प्रत्येक सेवाकार्यात घेतली पाहिजे.

आपल्याकडे कोणी काहीच केले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. धर्मानंद कोसंबी यांनी १९३७ च्या सुमारास मुंबईत परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभारला. पाली पंडिताने गिरण्यांच्या भोंग्याखाली जागा निवडावी, यात त्यांची दृष्टी दिसते. सहा डिसेंबर १९५६ रोजी, ज्या दिवशी आपण पोरके झालो, त्या दिवशी इंग्रज भिक्खू संघरक्षित नागपुरात होते. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस त्यांनी वस्त्यावस्त्यांतून सभा घेऊन दुःखाने सुन्न झालेल्या लोकांना धीर दिला. पुढेही अनेक हिवाळे ते महाराष्ट्रात हिंडले. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७७ मध्ये भारतात आले, पुण्यात राहिले, आणि त्यातून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण उभा राहिला. त्यांच्या बहुजन हिताय या शाखेने वस्त्यांत बालवाड्या, दवाखाने आणि खेड्यातल्या मुलांसाठी वसतिगृहे चालविली. भदंत आनंद कौसल्यायन नागपूरला येऊन राहिले आणि तेथेच १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. भदंत सुरेई ससाई जपान सोडून नागपूरचे झाले. ही नावे मोठी आहेत. पण पाहा, त्यांतील बहुतेकांचे ठिकाण मुंबई, पुणे, नागपूर आहे. खानदेशातल्या हजार वस्तीच्या गावात, जेथे आपली पंधरा-वीस घरे आहेत, तेथे कोण राहिले?

येथे मला चाळीसगावची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती आपल्या जिल्ह्याची गोष्ट आहे, आणि स्वतः बाबासाहेबांनी ती लिहून ठेवली आहे. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगाव स्टेशनावर उतरले. महारवाड्यातील मंडळी न्यावयास आली होती. एक रात्र राहा, असा त्यांचा आग्रह होता. परंतु एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकावयास तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे वस्तीच्या मानाला पटेना. अखेर एका टांगेवाल्याशी तोड निघाली: टांगा देतो, पण हाकणार नाही. मग आपल्यापैकीच एकजण हाकावयास बसला. त्याला हाकता येत नव्हते. पुढे पुलावर टांगा उलटला, आणि बाबासाहेब दगडी फरशीवर आपटून जबर जखमी झाले.

या प्रसंगातली स्पृश्यांची क्रूरता सर्वजण सांगतात, आणि ती सांगितलीच पाहिजे. बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसापेक्षाही एक साधा टांगेवाला जातीने स्वतःला श्रेष्ठ समजत होता, असे बाबासाहेबांनीच म्हटले आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वस्तीपाशी प्रेम होते, मान होता, आग्रह होता. टांगा हाकणारा नव्हता. त्या वेळी तो नसण्यात वस्तीचा दोष नव्हता, त्यांना ती विद्या शिकूच दिली नव्हती. पण आज? आज आपण भिक्खूंना निमंत्रण देतो, हार घालतो, फोटो काढतो. ते भंते रात्री कोठे निजणार, त्यांना मधुमेह असेल तर जेवण कोण करणार, ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार, याची व्यवस्था कोणी केलेली नसते. आजही आपल्याकडे प्रेम आहे आणि टांगा हाकणारा नाही.

विनयाने भिक्खूवर घातलेली बंधनेही आपण ध्यानात घेत नाही. तो सोने-रुपे, म्हणजे पैसा, हाती घेत नाही. तो जमीन खणत नाही, कारण मातीत जीव असतात. दुपारनंतर जेवत नाही. म्हणजे जो माणूस स्वतःचे पोट स्वतः भरू शकणार नाही, असाच मुद्दाम घडविला आहे, त्याला आपण बोलावतो. का घडविला असे? मला वाटते, भिक्खू आणि गाव यांची ताटातूट होऊ नये म्हणून. रोज सकाळी भिक्षापात्र घेऊन दारात उभा राहणारा माणूस गावाला विसरू शकत नाही, आणि गाव त्याला विसरू शकत नाही. बँकेत खाते असलेला भिक्खू आणि कुलूप घातलेला विहार ही दोन्ही त्या ताटातुटीची फळे आहेत. हे शब्द येथे बसलेल्या भंतेंना टोचणारे असतील तर त्यांनी मला क्षमा करावी. पण आधी ते आम्हा गृहस्थांना टोचले पाहिजेत.

आता कायद्याकडे वळतो. वकिलाला बोलावलेत तर तेवढे सोसले पाहिजे.

घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा अर्थ लावला आणि मध्य प्रदेश व ओरिसाचे कायदे उचलून धरले. या निर्णयावर टीका झाली आहे, आणि माझ्या मते ती योग्य आहे. कारण ऐकणाऱ्याने पटले म्हणून धर्म बदलला तर तो त्याच्या सदसद्विवेकाचा हक्क आहे. पण निर्णय आज लागू आहे. आपल्या खानदेशाच्या शेजारी गुजरात आणि मध्य प्रदेश आहेत, आणि दोन्हीकडे धर्मांतरावर कायदे आहेत. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढून बौद्ध धर्म हा त्या कायद्यापुरता वेगळा धर्म मानावा आणि दीक्षेपूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी पाहावी, असे कळविले. गंमत अशी की एरवी बौद्ध हे हिंदूच, असे ज्यांना वाटते त्यांनाच येथे तो धर्म वेगळा आहे हे मान्य करावे लागले. सीमेवरच्या आपल्या नातेवाइकांना हे सांगून ठेवा. आणि सेवा करणाऱ्या प्रत्येकाने हे पाळावे की औषध, शिकवणी, वसतिगृहातील जागा यांपैकी काहीही दीक्षेच्या अटीवर देऊ नये. ते 'प्रलोभन' ठरते म्हणून तर नकोच, पण ते धम्माला शोभत नाही म्हणून आधी नको. भिल्लाचे पोर, मातंगाची बाई, मुसलमान मजूर, पाटलाची म्हातारी, कोणीही विहाराच्या ओट्यावर गोळी मागावयास आले तर ती मिळाली पाहिजे.

दुसरा मुद्दा दाखल्यांचा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज इतरांना वगळले होते. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. मधली चौतीस वर्षे केंद्राच्या सवलती धर्मांतरित बांधवांना मिळाल्या नाहीत. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना आधीच दिल्या होत्या, तरी त्या काळात पुष्कळांनी मुलांच्या शाळेत भीतीपोटी 'हिंदू महार' असे लिहविले. १९९० नंतर त्या भीतीला कायद्याचा आधार उरलेला नाही. जात आणि धर्म हे दोन निराळे रकाने आहेत. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. ही साधी गोष्ट समजावून अर्ज भरून देणारा माणूस वस्तीत असेल, तर वकिलाकडे येण्याची पाळी पुष्कळांवर येणार नाही. माझे नुकसान होईल, होऊ द्या.

तिसरा मुद्दा जागेचा, आणि सर्वांत जास्त तंटे येथे आहेत. विहार कोणाच्या जमिनीवर आहे ते आधी सातबारावर पाहा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली; महार वतनाच्या जमिनी बहुतेक नव्या शर्तीने परत मिळाल्या. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीखेरीज देता येत नाही. विहारासाठी श्रद्धेने दिलेली जमीनही याला अपवाद नाही. आणि भिक्खूच्या वैयक्तिक नावाने तर कधीच खरेदीखत करू नका. विनयात संघाचे ते संघाचे, असा भेद स्पष्ट आहे. परंतु आपल्या देशात वारसाच्या बाबतीत बौद्धांनाही १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. भंते गेले की पूर्वाश्रमीचे भाऊ-पुतणे वारस म्हणून उभे राहतात, आणि मग याने संसाराचा खरोखर त्याग केला होता काय, यावर वर्षानुवर्षे पुरावा चालतो. विहाराचा न्यास करा, तो आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९५० च्या कायद्याखाली नोंदवा, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवा. हे कंटाळवाणे आहे. किल्लीवरून होणारी भांडणे याहून कंटाळवाणी आहेत.

आणि एक गोष्ट, जी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात आहे. कायद्यांची वाण नाही; साक्षीदारांची आहे. खेड्यात साक्षीदार फिरतो तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यावयाची त्याच्याच शेतात त्याला उद्या मजुरीला जावयाचे असते. ज्याला कोणाची मजुरी करावयाची नाही, ज्याची लेक कोणाच्या घरी दिलेली नाही, ज्याचे गुरू कोणाच्या बांधावर चरत नाही, असा एक माणूस वस्तीत राहत असेल, तर त्याने काय पाहिले ते तो न्यायालयात सांगू शकेल. भिक्खूला घर नसते, ते अशा वेळी कामाला येते. माझ्या दृष्टीने तो वस्तीत राहण्याचे हे कारण इतर सर्व कारणांहून वजनदार आहे.

भिक्खू थोडे आहेत, हे मला कबूल आहे. म्हणूनच मघाशी म्हटलेली ब्रदरची रिकामी जागा. बाबासाहेबांनी चीवर न घेतलेल्या प्रचारकांचा विचार केला होता. दीक्षा देण्याचा अधिकारही त्यांनी प्रत्येक बौद्धाला दिला. भारतीय बौद्ध महासभा श्रामणेर शिबिरे घेते, बौद्धाचार्य तयार करते. परंतु बौद्धाचार्याला आपण लग्न आणि पुण्यानुमोदन यांपुरता बोलावतो. निवृत्त शिक्षक, परिचारिका, तलाठी अशांपैकी कोणी वर्षातले तीन महिने एखाद्या वस्तीत राहावयास तयार असेल, तर त्याला चीवराची गरज नाही. पैशाचे काय, असे विचाराल. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला देण्यास बाबासाहेबांनी सांगितले होते. जयंतीच्या ध्वनिक्षेपकावर एका रात्रीत जो खर्च होतो, त्याचा हिशेब याच्या शेजारी मांडून पाहा.

या तीन महिन्यांसाठी भंते येथे राहणार आहेत. सकाळचे जेवण अकराच्या आत व्हावे. त्यासाठी घरोघरची पाळी आजच ठरवावी, आणि ज्या घरी आजारपण किंवा बाळंतपण असेल त्या घराची पाळी शेजारच्याने घ्यावी. सायंकाळी सात ते नऊ विहारात मुलांचा अभ्यास. दिवा-पंख्याचे बिल समिती भरील. दर रविवारी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होईल, आणि त्यानंतर तासभर मी दाखल्यांचे व जमिनीचे कागद पाहावयास येथे बसेन. कागद येताना मूळ प्रत आणावी, नुसती झेरॉक्स नको. पाळीची वही अध्यक्ष महाराजांच्या पुढे ठेवली आहे; आपापली नावे आता त्यांच्याकडे द्यावीत.